लाखोळीचं विष आणि मजुरीचं माप

१८२९ साली सागरच्या परिसरात गव्हाचं उभं पीक गारपिटीनं झोडपून काढलं. पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. १८३१ साली गव्हावर रोग पडला. लागोपाठ तीन हंगाम हातचे गेले. हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. पानिपतच्या मोहिमेत मारले गेलेले गोविंदपंत बुंदेले याच भागाचा कारभार पाहत आणि १८१८ पर्यंत सागर पेशवाईच्या हिशेबात होतं. त्या तीन वर्षांच्या हलाखीत रानात एकच पीक तगलं, तगलं कसलं, माजलं. गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारा आणि एरवी गुरांपुढे टाकला जाणारा तिवरा. उत्तरेत याला खेसारी म्हणतात, आपल्या विदर्भात लाख किंवा लाखोळी. लोकांनी पाला-देठ गुरांना घातले आणि दाणे स्वतः रांधून खाल्ले. पोट भरलं. दुष्काळातून जीव वाचला असं सगळ्यांना वाटलं.

१८३३ साली त्याची किंमत वसूल व्हायला लागली. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या विल्यम स्लीमननं हा प्रकार पाहिला आणि १८४४ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवला. एका गावातली तिशीच्या आतली जवळजवळ निम्मी तरुण मंडळी दोन वर्षांत कमरेखाली अधू झाली होती. झटका अचानक यायचा. कुणी कमी सापडला, कुणी जास्त, आणि कित्येकांना पुढे हलताही येईना. स्लीमननं पिकांचा तीन वर्षांचा हिशेब मांडून बोट थेट तिवऱ्याकडे दाखवलं. तो वैद्य नव्हता, तरी त्याचं निदान खरं ठरलं.

त्या तरुणांच्या मज्जापेशींत काय घडलं होतं, हे कळायला पुढची दीडशे वर्षं लागली. पण ते नेमकं कुणाच्या घरात घडतं आणि का, हा प्रश्न निव्वळ प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. त्याच्या उत्तराचा एक धागा आमच्या खानदेशात, फैजपूरच्या शिवारात सापडतो.

जुनी ओळख

हा रोग वैद्यांना अपरिचित नव्हता. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात त्रिपुट नावाच्या कडधान्यानं माणूस लंगडा-पांगळा होतो, असं नोंदलेलं आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही सतत शेंगधान्य खाऊन पाय गेलेल्या माणसांचा उल्लेख येतो. स्लीमननंतर अलाहाबाद जिल्ह्यात जेम्स आयर्विंग या सरकारी डॉक्टरनं गावोगावच्या पांगळ्यांची मोजदाद करून १८६० च्या आसपास अहवाल छापले. १८७३ साली नेपल्सच्या कान्तानी यांनी रोगाला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिलं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव लॅथिरस सटायव्हस, त्यावरून.

रोगी ओळखायला फारशी साधनं लागत नाहीत. पाय लुळे पडत नाहीत, ते ताठतात. पोटऱ्या आखडतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांवर घासतात आणि एक पाय दुसऱ्यापुढे आडवा येतो. डॉक्टर या रोग्यांच्या चार पायऱ्या करतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि रांगणारा. बुद्धी शाबूत, वाचा स्वच्छ, हात बहुधा धड. घरातला कमावता गडी चवड्यांवर झुलत चालतो आणि उरलेलं आयुष्य तसंच काढतो. कारण हा रोग मारत नाही. डाळ बंद केली की तो थांबतो, पण गेलेलं परत देत नाही.

बांधीतलं पीक

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा. तिथे धान कापणीला येण्याच्या सुमारास, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघतं तोवर लाखोळी मुळं धरते आणि जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाढते. पाणी साचलं तरी मरत नाही, पाऊस गेला तरी मरत नाही. हवेतला नत्र जमिनीत आणते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात, भुसा गुरांना जातो. दाण्यात पाव हिश्शाहून अधिक प्रथिनं. दाणा हातात घेतला की ओळखू येतो: वाटाण्यासारखा गोल नाही, एका बाजूला उतरता, पाचरीसारखा कोनदार.

इतकं गुणी पीक गरिबाच्या ताटात येणारच. मूठभर लाखोळीनं कुणाचे पाय जात नाहीत. रोजच्या जेवणाचा मोठा हिस्सा तिचाच झाला आणि ते दोन-तीन महिने चाललं की मग धोका सुरू होतो. दुष्काळात नेमकं हेच घडतं. बाकी सगळी पिकं जातात, ही एकटी उरते. शिवाय पाण्याच्या ताणात वाढलेल्या लाखोळीत विषाचं प्रमाणही वाढू शकतं.

दुसरं कारण मजुरीचं. रेवा-सतनाच्या भागात कर्जापोटी बांधल्या गेलेल्या शेतमजुरांना मजुरी धान्यात मिळे आणि ते धान्य बरेचदा खेसारी असे किंवा खेसारी मिसळलेलं असे. मालक स्वतः गहू खाई. ज्याला आपली मजुरी कोणत्या मापानं आणि कोणत्या दाण्यानं मिळावी हे सांगायचा अधिकार नव्हता, त्याच्या घरात रांगणारा माणूस सापडे.

फैजपूर, १९३६

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात भरलं, ते फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि शंकरराव देव यांनी धुरा उचलली, साने गुरुजी तयारीसाठी खेडोपाडी फिरले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं. आमच्याकडे या अधिवेशनाच्या आठवणी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात, त्या बहुतेक या सोहळ्याच्या. मला मात्र त्याच वेळी मनमाडहून पायी निघालेले पाचशे शेतकरी जास्त महत्त्वाचे वाटतात. वाटेतल्या गावांना आपल्या मागण्या समजावत, दोनशे मैलांहून अधिक चालून ते फैजपूरला पोचले. तिथे एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली किसान सभेचं अधिवेशन भरलं.

काँग्रेसनं फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. खंड आणि सारा कमी करावा, न परवडणाऱ्या जमिनीला तो माफ करावा, वेठबिगार आणि सरंजामी देणी बंद व्हावीत, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता मिळावी, आणि शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्यानं मिळावी. या कार्यक्रमात कोणत्याही रोगाचा विषय येण्याचं कारण नव्हतं. तरीही लॅथिरिझमचा इतिहास वाचताना मी या ठरावाशी येऊन थांबतो. वेठबिगारी गेली आणि मजुरी पोटापुरती झाली, तर मजूर ज्वारी, तांदूळ, तूर, तेल स्वतः विकत घेतो आणि लाखोळी त्याच्या ताटात तोंडीलावण्यापुरती उरते. मज्जापेशींचं रक्षण करणारा उपाय फैजपूरच्या त्या मंडपात मांडला गेला होता. मांडणाऱ्यांच्या मनात पेशी नव्हत्या, माणसं होती.

छावणीतला पुरावा

ताटात दुसरं काही नसलं की ही डाळ पाय घेते, याचा अत्यंत क्रूर पुरावा फैजपूरनंतर सहा वर्षांनी युरोपात मिळाला. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या व्हाप्नियार्का इथल्या छावणीत सुमारे बाराशे ज्यू कैदी ठेवले होते. सप्टेंबर १९४२ पासून त्यांना रोज ४०० ग्रॅम गुरांची लाखोळी उकडून दिली जाई, आणि सोबत २०० ग्रॅम भुसा मिसळलेला जवाचा पाव. डिसेंबरात पहिल्या कैद्यांचे पाय ताठू लागले. जानेवारीपर्यंत शेकडो आजारी पडले. कैद्यांपैकीच एक असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. कैद्यांनी एकजुटीनं दाद मागितली आणि अखेर हा आहार थांबला. केसलर पुढे इस्रायलमध्ये गेले आणि वाचलेल्यांची तब्येत अनेक वर्षं तपासत राहिले. सागरला जे आभाळानं केलं, ते इथे माणसांनी मोजूनमापून केलं. डाळ तीच आणि तिच्या जोडीला खायला काही नाही, हा प्रकारही तोच.

बंगळूरची पिल्लं

स्वतंत्र भारतात १९६१ साली खेसारीच्या विक्रीवर अन्नभेसळ कायद्याखाली बंदीची तरतूद झाली. लागवड थांबली नाही. डाळ बेसनात आणि तुरीत भेसळ होऊन फिरत राहिली. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली सोपा घरगुती उपाय मांडला: डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यायचं. विष पाण्यात विरघळतं, त्यामुळे बरंचसं निघून जातं. फक्त त्यासाठी सरपण आणि पाणी लागतं, आणि दुष्काळात तेच नसतं.

विषाचं नाव तोवर कळलं होतं. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. त्याच वर्षी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमणियन यांचा गटही त्याच पदार्थापर्यंत पोचला. त्याला आता थोडक्यात ओडॅप म्हणतात. बंगळूरला एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांना तो टोचला तर माना पिरगाळल्या जात, झटके येत. मोठ्या प्राण्यांवर मात्र तसा परिणाम दिसेना, कारण वाढलेल्या मेंदूभोवतीचा रक्ताचा पडदा तो सहजी आत येऊ देत नाही. यामुळे बरीच वर्षं शंका राहिली. १९८६ साली पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांना लाखोळी आणि हेच विष दीर्घकाळ खाऊ घालून पायांकडे जाणारा मज्जामार्ग बिघडतो हे दाखवलं, तेव्हा आरोप पक्का झाला.

पेशीच्या आत

हालचालीचा हुकूम दोन टप्प्यांत जातो. मेंदूच्या सालीतली मोठी पेशी आपला तंतू कण्यातल्या मज्जारज्जूत खाली सोडते. तिथली दुसरी पेशी तो निरोप स्नायूपर्यंत नेते. पोलिओचा विषाणू ही दुसरी पेशी मारतो, म्हणून पोलिओत पाय लुळा पडून सुकतो. लाखोळी पहिलीवर घाव घालते. खालच्या पेशी आणि स्नायू जिवंत असतात, फक्त त्यांना आवरणारं वरचं कुणी उरत नाही, म्हणून पाय ताठतात. कीव्हच्या व्लादिमीर बेट्झ यांनी १८७४ साली वर्णन केलेल्या मेंदूतल्या सर्वात थोराड पेशी याच मार्गावरच्या. पायांसाठीचा तंतू कमरेपर्यंत उतरतो. एका पेशीचा एवढा, हातभराहून लांब पसारा जिवंत ठेवायला प्रचंड ऊर्जा लागते. लांब तंतू आधी कोसळतात, त्यामुळे हात वाचतात आणि पाय जातात.

मेंदूत उत्तेजनाचा निरोप ग्लुटामेट नावाचं रसायन पोचवतं. ते समोरच्या पेशीवरच्या ग्राहीला चिकटतं, ग्राहीचं दार क्षणभर उघडतं, विद्युतभारित कण आत येतात, निरोप पोचतो आणि शेजारच्या आधारपेशी उरलेलं ग्लुटामेट लगेच शोषून घेतात. ओडॅपची घडण ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. ते ॲम्पा या जातीच्या ग्राहीला चिकटून दार उघडं ठेवतं. सोडियमपाठोपाठ कॅल्शियम आत लोटतं. पेशीतल्या कॅल्शियमची पातळी एरवी अत्यंत कमी राखलेली असते. ती वाढली की पेशीचे स्वतःचे पाचक विकर तिचीच बांधणी तोडू लागतात. अतिउत्तेजनेनं येणाऱ्या या मरणाची कल्पना जॉन ओल्नी यांनी १९६९ साली मांडली.

दुसरा घाव ऊर्जेवर. १९९३ साली बंगळूरच्या निम्हान्समध्ये विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की हे विष मायटोकाँड्रियातल्या ऊर्जासाखळीची पहिलीच कडी निकामी करतं. या कडीतल्या प्रथिनांवर गंधकाचे गट असतात. ते गंजल्यासारखे होतात आणि काम थांबतं. पेशीजवळ यावर तोड असते ग्लुटाथायॉनची. हा रेणू गंज उतरवतो. आणि तो तयार करायला गंधकयुक्त अमिनो आम्ल लागतं.

आहार आणि पेशी यांची गाठ इथे पडते. कडधान्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात, तृणधान्यात तुलनेनं जास्त. आमच्याकडची कळण्याची भाकरी ज्वारीत उडीद मिसळून होते. ज्वारीत जे उणं ते उडदात, उडदात जे उणं ते ज्वारीत. नुसतं कडधान्य खाणाऱ्या शरीराला ही भरपाई मिळत नाही. इथिओपियात १९९० च्या दशकात दुष्काळानंतर दोन हजारांहून अधिक लोकांना हा रोग झाला. तिथल्या अभ्यासांतही लाखोळीबरोबर तृणधान्य भरपूर खाणारी घरं जास्त सुरक्षित आढळली. तरुण पुरुष जास्त बळी का पडतात, याचंही अंशतः उत्तर मिळालं आहे. मादी उंदरांत ऊर्जासाखळीची इजा कमी होते आणि इस्ट्रोजेनचा परिणाम रोखला की हे संरक्षण जातं. त्यात पुरुषाच्या वाट्याचे जड कष्ट मिळवा. विष घरातल्या सगळ्यांच्या ताटात सारखं असतं. ते बाधतं उपाशी, राबणाऱ्या शरीराला.

मोठ्या कोड्याची किल्ली

लाखोळीनं शिकवलेलं एवढ्यावर संपत नाही. शार्को यांनी १८६९ ते १८७४ या काळात वर्णन केलेला एएलएस हा हालचालींच्या पेशींचा सर्वात निर्दय रोग. त्यात वरच्या आणि खालच्या दोन्ही पेशी मरत जातात आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. १९९२ साली जेफ्री रॉथस्टाइन यांना अशा रोग्यांच्या मज्जासंस्थेत ग्लुटामेट शोषून घेण्याची यंत्रणा मंदावलेली आढळली. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं रिलुझोल हे पहिलं औषध ग्लुटामेटला आवर घालतं. ते आयुष्य काही महिन्यांनीच वाढवतं. २००६ साली बहुसंख्य एएलएस रोग्यांच्या पेशींत टीडीपी-४३ या प्रथिनाच्या गुठळ्या सापडल्या.

त्याच वर्षी दाहाची बाजूही उलगडली. मेंदूतल्या पहारेकरी पेशी, मायक्रोग्लिया, स्पेनच्या रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये ओळखल्या होत्या. इजा झाली की त्या धावून येतात, कचरा उचलतात आणि दाह पेटवणारी रसायनंही सोडतात. डॉन क्लीव्हलँड यांच्या गटानं रोगाचं जनुक असलेल्या उंदरांत फक्त मायक्रोग्लियामधून ते जनुक काढून टाकलं. रोग सुरू झाला, पण त्याची पुढची वाटचाल मंदावली. म्हणजे मज्जापेशी एकटी मरत नाही. शेजारच्या पेशी तिला तारतात किंवा बुडवतात.

एएलएसच्या बहुतेक रोग्यांत पहिली ठिणगी कुठून पडते हे अजून उमगलेलं नाही. लॅथिरिझममध्ये ठिणगी, वाट आणि घाव, तिन्ही माहीत आहेत. म्हणून हालचालींच्या पेशींच्या रोगांमध्ये हा पूर्णपणे टाळता येण्याजोगा रोग आहे. जो टाळता येतो तो होऊ देणं हा अन्याय आहे, आणि त्याचा दोष पिकाला लावून आपल्याला सुटता येणार नाही.

बंदीनंतर

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोळीवरची बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं उपोषणं केली, सरकारदरबारी खेटे घातले. गरिबाचं स्वस्त प्रथिन हिरावलं जातंय, असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रानं २००८ साली बंदी उठवली. पीक शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी विषाची वाणं आणली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यात पाहणी करून २०१४ साली अहवाल छापला. लाखोळी पिकते, पण खाण्याचं प्रमाण कमी आणि दाण्यातलं विषही कमी, म्हणून धोका अल्प, असा त्याचा सूर होता. रोग ओसरला तो लोकांच्या ताटात तांदूळ, तूर, गहू आले म्हणून. दोनशे वर्षांच्या या हकिगतीचा निकाल मला तरी हाच दिसतो.

महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, आणि त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला बळ मिळालं. १९७७ साली तिचा कायदा झाला. ज्यानं काम मागितलं त्याला काम आणि मजुरी देण्याची जबाबदारी सरकारनं घेतली. फैजपूरच्या मागणीचं ते एक फळ होतं, असं मी मानतो. पुढेही दुष्काळ येतील आणि हवामान लहरी होत जाईल तशी कमी पाण्यात तगणाऱ्या लाखोळीची ओढ वाढेल. ती पिकावी, शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, गरिबाला प्रथिन मिळावं. त्यासाठी कमी विषाचं बियाणं बांधीपर्यंत पोचलं पाहिजे, टंचाईच्या वर्षी रेशनवर तृणधान्य कमी पडता कामा नये आणि मजुराचं मस्टर वेळेवर भरून त्याचे पैसे हातात पडले पाहिजेत. मज्जापेशी वाचवण्याचं काम न्यूरॉलॉजिस्टकडे रोगी पोचण्याच्या फार आधी, तलाठी, रेशन दुकानदार आणि ग्रामसेवक यांच्या टेबलावर सुरू होतं, आणि ते तिथेच नीट व्हायला हवं.